पातूरवरून न गेलेली गाडी

बाबांनी गाडी विकायला होकार दिला तेव्हा एकच अट घातली. गाडी इथून तिच्या स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे. ट्रकवर चढवायची नाही.

"खांद्यावर कोणाले नेतात, मालूम आहे ना तुले?" ते म्हणाले.

मी हो म्हणालो. त्या वेळी मी खोटं बोलत नव्हतो, हे मला अजूनही खरं वाटतं. घेणारा माणूस म्हैसूरचा. जुन्या गाड्या जमवणारा. त्याचा चालक रेल्वेने येईल आणि गाडी चालवत घेऊन जाईल, असं मीच मनाशी धरलं होतं. त्याला विचारलं नव्हतं.

गाडी म्हणजे बाबांची क्रीम रंगाची अँबॅसिडर. गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली, पुढची सीट एका बाकासारखी सलग. बाबांनी आयुष्यभर तीच चालवली. अकोल्याच्या टॅक्सी स्टँडवर तिची जागा ठरलेली होती. तिने लग्नाचे नवरदेव नेले, बाळंतिणी नेल्या, नागपूरच्या दवाखान्यात माणसं नेली आणि काही वेळा तीच माणसं पांढऱ्या कापडात परत आणली. माझी फी, माझी पुस्तकं, अमरावतीच्या कॉलेजातली माझी नोकरी, सगळं तिच्याच पाठीवर बसून आलं. मला मात्र ती रस्त्यावर दिसली की लाज वाटायची. मित्रांसमोर मी कधी म्हणालो नाही की ती आमची आहे.

आता बाबांचे गुडघे गेले होते. आई नव्हती. अकोल्याचं घर बंद करून त्यांना अमरावतीला माझ्या फ्लॅटवर आणायचं ठरलं होतं आणि आमच्या इमारतीत एका फ्लॅटला एकच पार्किंग. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची. उंदरांनी वायर कुरतडल्या की बाबा शिव्या देत त्या स्वतः जोडायचे. दर आठवड्याला एकदा सुरू करून घराभोवतीच्या गल्लीतून एक फेरी मारायचे. उतरताना मात्र शेजाऱ्याला हाक मारावी लागायची.

म्हैसूरच्या माणसाला मी चालकाचं विचारलं तेव्हा तो हसला. इतकी जुनी गाडी इतक्या लांब चालवत कोण आणतं, म्हणाला. बंद डब्याच्या ट्रकमधूनच येईल, नाहीतर मला नको. त्याने एका वाहतूक कंपनीचा नंबर पाठवला आणि तिथून माझा रोजचा एक उद्योग सुरू झाला. फोनवर एक मुलगी हिंदीत विचारायची. गाडी चालू आहे की बंद? जमिनीपासून किती उंच आहे? चारही बाजूंचे फोटो पाठवा. काचेला तडा असेल तर आत्ताच सांगा. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवा. आत सुटं सामान काहीही नको, आमच्या लोकांना मिळालं तर ते काढून देतील. ट्रक अकोल्याला येणार नाही, एका गाडीसाठी तेवढं वळण परवडत नाही. अमरावतीबाहेर हायवेवर आणखी गाड्या भरायच्या आहेत, तिथे आणून द्या. तिथून नागपूर आणि मग खाली दक्षिणेत.

मी वर्गात शिकवायचो आणि तासाच्या मध्ये बाहेर येऊन या प्रश्नांची उत्तरं द्यायचो. हे सगळं मी अमरावतीहून करत होतो, म्हणून बाबांच्या कानावर जात नव्हतं. दर वेळी वाटायचं, या रविवारी सांगू. रविवारी अकोल्याला गेलो की बाबा गाडीला कापड मारत असायचे.

शेवटी मी त्यांना सांगितलं ते असं. चालक रेल्वेने अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरेल. त्याआधी मी गाडी अमरावतीला नेऊन टायर बदलून घेतो. मग तो तिथून निघेल, अकोल्यावरून जाईल.

"अकोल्याहून पातूर," बाबा म्हणाले. "पातूर, वाशीम, हिंगोली, नांदेड. दुसऱ्या रस्त्यानं जाऊ देऊ नको त्याले. आन् दारात थांबवू नको. एकदा निघाली की निघाली. माह्यानं पाहवणार नाही."

"बरं बाबा."

"पातूरले मी फोन करून ठेवतो."

पातूरला बाबांचे दोस्त राहतात. मी त्यांना लहानपणापासून पातूरचे काका म्हणतो. तेही पूर्वी टॅक्सी चालवायचे, त्याच स्टँडवर, बाबांच्या शेजारच्या जागेवर. पातूर सोडलं की घाट लागतो. घाटाआधी रस्त्याच्या कडेला शेंदूर लावलेला एक दगड आहे. त्या काळी अकोल्याच्या स्टँडवरची कोणतीही गाडी त्या दगडापाशी थांबल्याशिवाय घाटात शिरत नसे. घाई असली तर नुसता हात जोडायचा, लांबचा प्रवास असला तर नारळ. एकदा काकांना उशीर झाला होता, पाऊस होता, ते न थांबता गेले आणि उतारावर ब्रेक गेला. काका वाचले. गाडीत बसलेली एक म्हातारी वाचली नाही. चेपलेली गाडी ट्रकवर घालून अकोल्याला आणली, तेव्हा ट्रकच्या केबिनमध्ये काकांना धरून बाबा बसले होते. स्टँडवरची सगळी माणसं उठून उभी राहिली, डोक्यावरच्या टोप्या काढून. त्यानंतर काकांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. घरच्या मळ्यात झेंडू होता, तो पातूरच्या स्टँडजवळ विकत बसले. अजून बसतात.

बाबांची अट कुठून आली होती ते मला माहीत होतं. माहीत असूनच मी ते केलं.

बाबांनी माझ्यासमोरच त्यांना फोन लावला. बाबांना ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकर नेहमी चालू असतो.

"रविवारी निघून राहिली बे गाडी. तुह्या समोरून जाईन."

"थांबवू का?"

"थांबव. हार घाल. नारळ फोड त्या दगडावर. माह्या नावानं फोड."

"अन् तुह्या डायवरनं नाही थांबवली तं?"

"रस्त्यात आडवा झोप. तसाही तू कोणत्या कामाचा आहे आता."

"गाडीखाली जायाचं वय गेलं बाप्पा माहं. आता खाटंवरच जाईन." दोघंही खूप हसले. मी चहाचे कप उचलून आत घेऊन गेलो.

शनिवारी मी गाडी चालवत अमरावतीला आणली. रविवारी सकाळी हायवेच्या कडेला तो लांबच लांब बंद ट्रक उभा होता. मागून लोखंडी उतरण खाली सोडलेली. आत आधीच दोन नव्या गाड्या बांधलेल्या होत्या, प्लास्टिक न काढलेल्या. ट्रकवाला हरियाणाकडचा. तो आमच्या गाडीत बसला, पायाजवळ पाहिलं, दोन सीटांच्या मध्ये पाहिलं आणि काच खाली करून म्हणाला, "साहब, गेर कहाँ है इसका?"

मी स्टिअरिंगचा दांडा दाखवला. त्याने एकदोनदा हलवून पाहिला. गाडी पुढे जायची तिथे मागे सरकली. तो उतरला आणि म्हणाला, "आपही चढा दो. आपकी सुनेगी."

म्हणून गाडी मीच ट्रकवर चढवली. बाबांनी मला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, पहिल्यात टाकताना दांडा स्वतःकडे ओढायचा आणि मग खाली, रागावायचं नाही. मी तसंच केलं. चाकं लोखंडावर आली तेव्हा आवाज बदलला. आत अंधार होता आणि रबराचा, गरम पत्र्याचा वास. मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिलो, तेव्हा बाहेरून कुणीतरी डब्यावर थापटलं.

त्यांनी चाकांना पट्टे बांधले. बॅटरीची तार काढली. मग सुटं सामान काढून माझ्या हातात दिलं. सीटच्या पाठीवर टाकलेला टॉवेल, देवाचा छोटा फोटो, आणि डिकीतला बाभळीचा ठोकळा. चढावर गाडी थांबली तर मागच्या चाकाखाली सारायचा तो लाकडी ठोकळा. बाबांनी स्वतः तासून घेतलेला, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला. मी म्हणालो, हा राहू द्या आत. ट्रकवाला म्हणाला, रस्त्यात आपटत राहतो, काच फुटली तर जबाबदारी कोणाची? मी तिन्ही वस्तू पिशवीत टाकल्या. ट्रकचं दार लागलं. तो नागपूरच्या दिशेने निघाला, पातूरच्या अगदी उलट.

घरी जायचं सोडून मी अकोल्याची बस धरली. सांगून टाकायचं, असं मूर्तिजापूरपर्यंत पक्कं होतं.

बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा डाग होता आणि ताडपत्रीची घडी करून भिंतीला टेकवलेली. मी आत पाऊल टाकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "निघाली?"

"निघाली."

"डायवर कसा आहे?"

"चांगला आहे. वयस्कर आहे."

"मंग बरं." ते जरा सैल बसले. "पोरंसोरं रेस देतात कायची काय."

मी बायकोने दिलेला डबा उघडला. आम्ही जेवलो. जेवताना काकांचा फोन आला. सकाळपासून बसून राहिलो, म्हणाले, अजून नाही आली. मागून रस्त्याचे आवाज येत होते. बाबा म्हणाले, "येईन. जुनी बाई आहे, हळूहळू येईन." जेवण झाल्यावर पुन्हा फोन. बाबांनी आता हिशेब मांडायला सुरुवात केली. मूर्तिजापूरला पेट्रोल घेतलं असेल. बोरगावला चहा प्यायला असेल. नवे टायर आहेत, पंक्चर व्हायला नको. उन्हं अंगणातून सरकून भिंतीवर गेली तेव्हा फोन आला तो तिसरा की चौथा, मला आठवत नाही. काका म्हणत होते, "हार वायून राहिला. पाणी मारलं त्याच्यावर. मी जागचा हाललो नाही बावा, लघवीलेही गेलो नाही."

बाबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "डायवरले फोन लाव."

मी मोबाइल हातात घेतला. कुणालाच लावला नाही. कानाला धरून म्हणालो, "लागत नाहीये."

"घाटात रेंज नसते." त्यांनी लगेच म्हटलं, आणि मग तेच थांबले. घाटात गेली असेल तर पातूरहून पुढे गेली असणार, आणि पातूरला काका बसलेले होते.

"बॅटरी संपत आलीय," मी म्हणालो आणि चार्जर शोधायला पिशवीत हात घातला. टॉवेल वर आला. तो बाजूला ओढताना ठोकळा फरशीवर पडला आणि बाबांच्या खुर्चीपर्यंत घसरत गेला.

ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग वाकले, गुडघे दुखत असताना वाकले, आणि तो उचलला. अंगठ्याने त्याची झिजलेली बाजू चाचपली. हा ठोकळा नसताना बाबांनी कधी गाडी गावाबाहेर नेली नव्हती. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला, स्टँडवर ट्रॅफिक थांबवायला करायचे तसा.

फोन पुन्हा वाजला. काका म्हणाले, "आता उजेड जाऊन राहिला. काय करू? बसू का?"

बाबा म्हणाले, "अबे गेली ना ते. मघाच गेली. डायवरचा फोन आला होता, वाशीमले पोचला."

काका म्हणाले, "अशी कशी गेली? मी इथंच होतो."

"गिऱ्हाइकाले हार देत असशीन. कायले डोक्शाले ताप करतं? जा घरी."

"नाही बावा, मी समोरच पाहत होतो. क्रीम कलरची गाडी. माह्या डोयाले झालं तरी काय?"

"जा घरी," बाबा म्हणाले आणि फोन बंद केला. माझ्याकडे न पाहता ते उठले, दरवाजा वाऱ्याने आपटत होता त्याच्या खाली ठोकळा सारला आणि आत जाऊन पडले. मी बराच वेळ अंगणात बसलो. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

प्रकरण इथे संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. बापाशी खोटं बोललेले पुष्कळ असतात.

पंधरवड्यानंतर काका अकोल्याला आले, डोळे दाखवायला. ती गाडी दिसली नाही हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. तरुणपणापासून ओळखीची गाडी, दिवसभर रस्त्यावर नजर, आणि ती समोरून जाते तरी दिसत नाही, म्हणजे डोळे गेले. ते रस्ता ओलांडायला घाबरू लागले होते. फुलं ओवताना सुई बोटात जाते म्हणून मुलाला बसवलं होतं दुकानावर. मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पण फार नाही, अजून वर्षभर थांबलं तरी चालेल. काकांनी ऐकलं नाही. "मले समोरची गाडी दिसत नाही साहेब," ते म्हणाले, "अन् तुमी म्हणता फार नाही." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की गाडी तिथून गेलीच नाही. त्याऐवजी मी नातेवाईक म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशननंतर ते अकोल्याच्या आमच्याच घरी राहिले. हिरवी पट्टी लावून बाबांच्या शेजारच्या खाटेवर. दोघं जुन्या स्टँडच्या गोष्टी करायचे. गाडीचं नाव निघालं की काका म्हणायचे, "माह्याच हातानं राहिलं तुहं नारळ." बाबा म्हणायचे, "राहू दे ना बे." आणि माझ्याकडे पाहायचे. एकदा काका झोपल्यावर ते हळूच म्हणाले, "त्याचं पाह्य काही तरी." काय पाहायचं ते त्यांनी माझ्यावर सोडलं.

पट्टी निघाल्यावर मी काकांना माझ्या गाडीतून पातूरला सोडायला गेलो. काळा चष्मा लावून ते पुढे बसले होते आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी ओळखून सांगत होते. एस.टी. टँकर. पांढरी जीप. घरी पोचल्यावर म्हणाले, थांब. आत जाऊन एक नारळ घेऊन आले. त्या रविवारचाच. काकू त्याची चटणी करते म्हणाली, तिला करू दिली नव्हती. म्हणाले, "चाल घाटापर्यंत. उशिरा का होईना, फोडून टाकू."

दगडाला ताजा शेंदूर होता. काका चपला काढून त्याच्यासमोर उभे राहिले. नारळ दोन्ही हातांनी कपाळाला लावला. तेव्हा मी म्हणालो, "काका, गाडी इथून गेली नाही. मी ट्रकवर चढवली. अमरावतीहून. नागपूरकडून गेली."

त्यांनी हात खाली घेतले. एक ट्रक घाट चढायला लागला होता, त्याचा आवाज दूर जाईपर्यंत ते थांबले. मला वाटलं शिवी देतील. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"ट्रकवर," ते म्हणाले.

"हो."

"तुह्या बापाले मालूम होतं?"

हा प्रश्न मी हिशेबात धरलाच नव्हता. माझ्या डोक्यात फक्त माझं खोटं होतं. मघाच गेली, वाशीमले पोचला, हे बाबांनी म्हटलं होतं. हार वाळेपर्यंत बसलेल्या दोस्ताला म्हटलं होतं. काका काळ्या चष्म्यातून माझ्याकडे पाहत होते. त्या चष्म्याआड दोन्ही डोळे मला दिसत नव्हते, पण ते कशाची वाट पाहत होते ते कळत होतं. ट्रकच्या केबिनमध्ये त्यांना धरून बसलेला माणूस त्यांच्याशी खोटं बोलला का, एवढंच त्यांना हवं होतं.

"नाही," मी म्हणालो. "मीच त्यांना सांगितलं की वाशीमला पोचली. त्यांना अजून माहीत नाही."

त्यांचे खांदे खाली आले. "मंग ठीक आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "त्याले सांगू नको. जीव जाईन त्याचा."

नारळ त्यांनी फोडला नाही. दगडाजवळ तसाच ठेवला, चपला घातल्या आणि माझ्या गाडीत न बसता पातूरच्या दिशेने चालू लागले. मी गाडी त्यांच्या मागे हळूहळू नेत राहिलो, काच खाली करून बसा म्हणत राहिलो. ते रस्त्याच्या कडेने सरळ चालत होते. चांगलं दिसत होतं त्यांना.

आता बाबा अमरावतीला आमच्याकडे असतात. रोज संध्याकाळी काकांचा फोन येतो. मी उचलला तर "बापाले दे" एवढंच म्हणतात, पूर्वी माझी, बायकोची, सगळ्यांची विचारपूस करायचे. मग बाबा गॅलरीत जाऊन बसतात. दार मिटू नये म्हणून तोच ठोकळा तिथे लावलेला आहे. स्पीकर चालू असतो, त्यामुळे मला आतून दोघांचंही ऐकू येतं.

परवा बाबांनी विचारलं, "डोये कसे आहेत बे आता?"

"एकदम टकाटक. तवाच खराब होते. नाहीतर तुही गाडी मले दिसत नाही काय?"

"मोठी धूळ उडवत गेली म्हणे."

"गेलीच असंन," काका म्हणाले.

फोन चालूच होता. पातूरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आमच्या गॅलरीत येत होता आणि बाबा मान जरा कलती करून तो ऐकत होते.